ओढ्यापलीकडचे गाव

"काका, फिरायला हवे तितके जा, पण ओढ्यापलीकडे मात्र जाऊ नका."

पहिल्याच सकाळी आमच्या पुतण्याने आम्हांस असे बजावले. थोरल्या बंधूंच्या या चिरंजीवाचे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात पालो आल्टो या शहरी आहे. संगणकाच्या धंद्यामुळे या मुलखात मराठी घरे आता इतकी झाली आहेत की, ज्याचे कोणीच तिकडे नाही असे सुशिक्षित कुटुंब पुण्यात शोधावे लागेल. आईबाप, काका, मामा दोनचार महिने तेथे जाऊन राहतात, नातवंडांना खेळवतात आणि सकाळसंध्याकाळ पायी फिरतात. आमच्यासारख्या अशा पाहुण्यांना ही सूचना बहुधा पहिल्याच दिवशी मिळते.

"का रे? पलीकडे काय आहे?" आम्ही विचारले.

"ईस्ट पालो आल्टो. वाईट वस्ती. खून फार होतात तिकडे."

"तू पाहिली आहेस?"

"छे! आमच्यापैकी कोणीच तिकडे जात नाही."

न पाहिलेल्या गावाविषयी एवढी खात्री ऐकून आम्हांस कुतूहल वाटले. त्या दिवशी आम्ही वाद घातला नाही. परंतु त्या घरात राहून पुढील चार आठवड्यांत त्या गावाविषयी जे वाचले, ऐकले व अखेर डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. ज्यांची मुले, नातवंडे त्या बाजूस राहतात त्यांना त्याचा उपयोग होईल. आणि ज्यांची नाहीत त्यांनाही अगदीच होणार नाही असे नाही.

प्रथम भूगोल सांगतो. युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू हा तेथील रस्ता मोठा बोधप्रद आहे. जगप्रसिद्ध स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दारापासून तो निघतो, शहराच्या बाजारपेठेतून जातो, आणि मग टुमदार बंगल्यांच्या रांगांत शिरतो. दुतर्फा मॅग्नोलियाची, म्हणजे आपल्या कवठी चाफ्याच्या जातीची, जुनी झाडे आहेत. सुमारे दीड मैल चालल्यावर एक पूल लागतो आणि त्याखाली सॅन फ्रान्सिस्किटो नावाचा ओढा वाहतो. वाहतो असे आम्ही उपचाराने म्हणतो. कारण उन्हाळ्यात त्यात झाडांची पाने आणि गोटे यांखेरीज फारसे काही नसते. परंतु हा ओढा दोन काउंट्यांची, म्हणजे आपल्या भाषेत दोन जिल्ह्यांची, हद्द आहे. थोडे पुढे गेले की १०१ क्रमांकाचा रुंद महामार्ग आडवा येतो. त्याच्या पलीकडे, उपसागराच्या खाजणापर्यंत, ईस्ट पालो आल्टोचा मोठा भाग पसरला आहे. गाव सारे मिळून अडीच चौरस मैलांचे. २०२० च्या खानेसुमारीत तेथे ३०,०३४ माणसे होती. नावात पालो आल्टो असले तरी त्याची नगरपालिका वेगळी, जिल्हा वेगळा, पोलीस वेगळे आणि दैवही वेगळे.

या गावाची अपकीर्ती एका आकड्यात साठवलेली आहे. १९९२ साली येथे ४२ खून झाले. तेव्हाची लोकसंख्या २४,३२२ धरतात; म्हणजे दर ५८० माणसांमागे एक खून, तोही एका वर्षात. खुनांचे प्रमाण दर लाख वस्तीमागे मोजण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने हा आकडा १७२.७ होतो. त्याच वर्षी साऱ्या अमेरिकेचे प्रमाण ९.३ होते, म्हणजे या गावात ते अठरापटीहून अधिक. आपल्याकडील सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली भारतात २८,५२२ खून झाले. ते प्रमाण लाखामागे सुमारे दोन पडते. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी या गावास देशाच्या 'खुनांची राजधानी' असे नाव दिले, आणि ते नाव त्यास असे चिकटले की आमच्या पुतण्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची ती गोष्ट तो आज आम्हांस ताजी म्हणून सांगत होता.

येथे हिशेबाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लहान गावाचे लाखामागचे प्रमाण फार फसवे असते. तीस हजार वस्तीच्या गावात वर्षभरात एकच खून झाला तरी प्रमाण ३.३ भरते; दोन झाले की ते साऱ्या देशाच्या सरासरीच्या वर जाते. मोठ्या शहरात एका घरातील भांडणाने आकडा हलत नाही. लहान गावात तो दुप्पट होतो. म्हणून अशा गावाविषयी एका वर्षाच्या आकड्यावरून मत बनवू नये, पाचदहा वर्षांची रीत पाहावी. परंतु ४२ हा आकडा असल्या सबबीखाली झाकण्याजोगा नव्हता. तो खराच भयंकर होता.

तो आकडा मनात घोळत असतानाच एके दिवशी आम्हांस एक गोष्ट कळली. पुतण्याच्या धाकट्या मुलीस सांभाळण्यासाठी रोज सकाळी आठ वाजता एक मेक्सिकन बाई येत. पन्नाशी उलटलेल्या, शांत स्वभावाच्या. मूल त्यांच्याशिवाय जेवत नसे. आमच्या मंडळींचे आणि त्यांचे चांगले गूळपीठ जमले होते. एकीने गाजर किसावे, दुसरीने ते परतावे, आणि मोडक्या इंग्रजीत दोघींनी आपापल्या सुनांविषयी बोलावे असा क्रम चालू होता. मंडळींनी त्यांना सहज विचारले, "तुम्ही राहता कुठे?" बाईंनी खिडकीतून हात करून सांगितले, "ओढ्यापलीकडे. तीस वर्षांवर झाली."

रात्री जेवताना आम्ही ही गोष्ट काढली. पुतण्या व सूनबाई दोघेही क्षणभर गप्प झाली. ज्या बाईच्या हाती आपण आपले तान्हे मूल निःशंकपणे सोपवतो, तिच्याच आळीत पाऊल टाकायला भितो, या विसंगतीकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते असे नाही. ते तेथून लवकर काढून घेतले गेले होते, इतकेच. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही ज्या वाड्यात वाढलो तेथेही धुणेभांडी करणाऱ्या बाईंची वस्ती कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असे, आणि ती पाहिलेली कोणीच नसे.

पुढच्या शनिवारी बाई आम्हांस पुलाशी भेटल्या आणि आम्ही तिघे चालत निघालो.

पूल ओलांडला की पहिले दिसते ते उंच काचेच्या कचेऱ्या आणि एक अतिशय महागडे हॉटेल. 'हीच का ती वाईट वस्ती?' असे आम्ही विचारणार तोच बाईंनी सांगितले की येथे पूर्वी दारूचे गुत्ते होते. ती हकीकत अशी. स्टॅनफर्ड विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या सभोवार ठराविक अंतरापर्यंत दारूविक्रीस बंदी होती, आणि पालो आल्टो शहरही कित्येक दशके कोरडे होते. विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची तहान मात्र बंदीने भागत नसे. तेव्हा हद्दीच्या नेमके बाहेर, ओढ्यापलीकडे, दारूची दुकाने निघाली आणि त्या भागास 'व्हिस्की गल्च', म्हणजे दारूची घळ, असे नाव पडले. एका शहराने आपले अंगण स्वच्छ ठेवले, आणि केर शेजाऱ्याच्या दारात जमला. पुढे ती घळ पाडून तेथे या कचेऱ्या आल्या. हॉटेल २००६ साली उघडले.

या एका उदाहरणात त्या गावाचा सारा इतिहास आला आहे असे म्हटले तरी चालेल. मुळात हे गाव सज्जनांचे, कष्टाळूंचे होते. १९१६ च्या सुमारास चार्ल्स वीक्स नावाच्या गृहस्थाने येथे कोंबड्या पाळणाऱ्यांची एक वसाहत काढली. प्रत्येक कुटुंबाला एक एकर जमीन, आणि तेवढ्यात त्याने स्वतंत्रपणे जगावे, असा त्याचा बेत होता. वीक्स आणि रनीमीड ही त्या काळची नावे तेथील रस्त्यांना अजून आहेत, आणि कित्येक घरांमागे लांबट परसे अजून दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात नवी घरे भराभर उठू लागली. घरासाठी बँकेचे कर्ज लागे, आणि त्या कर्जास सरकारी खात्याचा विमा लागे. त्या खात्याचा दंडक असा की, गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णी कुटुंब राहणार असेल तर विमा द्यायचा नाही. स्टॅनफर्डमधील प्राध्यापक व नामांकित कादंबरीकार वॉलेस स्टेग्नर आणि त्यांचे स्नेही यांनी त्या काळी एक सहकारी गृहसंस्था काढून विद्यापीठाजवळ जमीन घेतली होती. दीडशे कुटुंबांपैकी तीन कृष्णवर्णी होती. तेवढ्यावर सरकारी विमा नाकारण्यात आला. संस्था मोडली, आणि १९५० साली जमीन एका खासगी कंत्राटदारास विकावी लागली. विद्वानांची ही गत, तेथे मोलमजुरी करणाऱ्यांना कोण विचारतो?

मग कृष्णवर्णी कुटुंबांनी राहावे कोठे? १९५४ साली ईस्ट पालो आल्टोत एका गोऱ्या मालकाने आपले घर अशा एका कुटुंबास विकले. तत्काळ घरांच्या दलालांनी गोऱ्या शेजाऱ्यांत भीती पसरविली की आता तुमच्या घरांच्या किमती बुडणार. घाबरलेल्यांनी घरे पडेल किमतीस विकली; दलालांनी तीच घरे चढ्या भावाने कृष्णवर्णी कुटुंबांस विकली, कारण त्यांना दुसरीकडे घर मिळतच नव्हते. काही वर्षांतच वस्ती पालटली. त्याच सुमारास महामार्ग रुंद करण्यात आला, आणि त्यात गावची दुकाने गेली. १९५८ साली गावात रेवन्सवूड हायस्कूल निघाले. परंतु वस्तीप्रमाणे शाळाही एकाच वर्णाची होत गेली, आणि १९७६ साली ती बंद करण्यात आली. मुलांना बसमध्ये बसवून दूरच्या शाळांत पाठवू लागले. शाळेची इमारतही पुढे गेली. आता तेथे मोठमोठी दुकाने आहेत.

मधल्या काळात गावातील आया स्वस्थ बसल्या नव्हत्या हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गर्ट्रूड विल्क्स या बाईंनी १९६० च्या दशकात इतर मातांना एकत्र करून मुलांच्या शिक्षणासाठी चळवळ उभारली. त्यांनी काढलेली एक युक्ती ऐकून आपल्याकडील जुन्या माणसांना 'वार लावून' शिकण्याची आठवण होईल. गावातील मुलांना ओढ्याअलीकडच्या सहृदय गोऱ्या कुटुंबांच्या घरी राहायला ठेवायचे, म्हणजे त्या पत्त्यावर त्यांना पालो आल्टोच्या चांगल्या शाळांत प्रवेश मिळे. दोन मैलांवरील शाळेसाठी आईने पोटचे पोर परक्या घरी ठेवावे, यात त्या ओढ्याची खरी रुंदी कळते. पुढे न्यायालयातील एका दाव्यात १९८६ साली तडजोड झाली, आणि काही मुलांना रोज ओढा ओलांडून शिकण्याचा रीतसर हक्क मिळाला.

१९८३ साली अवघ्या काही मतांच्या फरकाने गावास स्वतःची नगरपालिका मिळाली. भाडेकरूंचे रक्षण करणारा नियम नव्या नगरपालिकेने लागलीच केला. पण तिजोरी रिकामी होती. कारखाने नाहीत, मोठी दुकाने नाहीत, म्हणून कर नाही. कर नाही म्हणून पोलीस थोडे. अशा वेळी, १९८० च्या दशकाच्या मध्यास, अमेरिकेत 'क्रॅक' आले. क्रॅक म्हणजे कोकेनचे स्वस्त, नळीतून ओढण्याजोगे रूप. महामार्गाला लागून असलेले, पोलीस कमी असलेले, बेकार तरुणांनी भरलेले गाव या धंद्यास फारच सोईचे. गिऱ्हाइके मोटारीतून महामार्गावरून येत, माल घेत आणि आपल्या सुखवस्तू गावी परत जात. कोणत्या कोपऱ्यावर कोणी विकायचे यावरून टोळ्यांची भांडणे होत आणि ती पिस्तुलाने मिटत. एका खुनाचा सूड दुसऱ्या खुनाने. १९९२ चा आकडा येणेप्रमाणे तयार झाला. माणसांचा स्वभाव त्याच वर्षी बिघडला आणि पुढे सुधारला असे मानणे भाबडेपणाचे होईल.

चालता चालता बाईंनी एका लहानशा घराकडे बोट दाखविले. त्या पहिल्यांदा या गावी आल्या तेव्हा तेथे भाड्याने राहत. "संध्याकाळ झाली की मुलांना आत घ्यायचे. रस्त्याकडच्या खोलीत निजवायचे नाही," त्या म्हणाल्या. आम्ही विचारले, "मग गाव सोडून का नाही गेलात?" त्या हसल्या. "कामे तुमच्या बाजूला होती. भाडे या बाजूला परवडत होते." अर्थशास्त्रावरील एखाद्या ग्रंथात इतके थोडक्यात कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

आता उताराची हकीकत. १९९२ च्या त्या आकड्याने शेजाऱ्यांचीही झोप उडाली. पालो आल्टो व मेन्लो पार्क या शेजारच्या शहरांनी आपले पोलीस मदतीस दिले. जिल्ह्याच्या शेरीफची व राज्याच्या महामार्ग-पोलिसांची माणसे आली. पुढच्याच वर्षी खुनांचा आकडा एकअंकी झाला. इतकी उतरण एका वर्षात होऊ शकते, तर ती दोनचार वर्षे आधी का झाली नाही, हा प्रश्न मनात येतो आणि त्याचे उत्तर सुखावह नाही.

परंतु पोलीस पाहुणे होते. ते परत जाणार होते. गावाचे दुखणे बरे करण्याचे काम गावातल्याच माणसांनी पुढे चालविले. त्यांतील एक नाव डेव्हिड लुइस. हे या गावचेच. व्यसनात बुडालेले आणि सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात शिक्षा भोगलेले. व्यसनातून बाहेर आल्यावर १९९४ च्या सुमारास त्यांनी 'फ्री ॲट लास्ट', म्हणजे 'अखेर मुक्त', ही संस्था काही सहकाऱ्यांसह स्थापन केली. त्या सहकाऱ्यांत स्टॅनफर्डची पदवीधर प्रिया हाजी ही तरुणी होती. ओढ्याअलीकडची विद्या आणि पलीकडचा अनुभव यांची अशी गाठ पडली. व्यसनी माणसाला व्यसनातून सुटलेल्याने हात द्यावा, तुरुंगातून आलेल्याला तुरुंग पाहिलेल्याने कामाला लावावे, हे त्यांचे सूत्र होते. शेकडो माणसांना आधार देणाऱ्या या लुइस यांचा २०१० साली सॅन माटेओ शहरात गोळी घालून खून झाला. हे येथे अशासाठी सांगितले की, उतार म्हणजे गुळगुळीत घसरगुंडी असे कोणी समजू नये.

खरोखर ती तशी नव्हतीच. २००५ साली खून पुन्हा १५ झाले. २००६ च्या जानेवारीत गावचा एक तरुण पोलीस अधिकारी कामावर असता मारला गेला. त्याच सुमारास ऑकलंडहून आलेले रोनाल्ड डेव्हिस पोलीसप्रमुख झाले. पकडण्याइतकेच सोडवण्यावर त्यांनी लक्ष दिले. शिक्षा भोगून परतलेल्यांना काम, शिक्षण व उपचार मिळावेत अशी योजना पोलिसांच्याच पुढाकाराने निघाली. २०१२ पासून आणखी एक प्रयोग झाला. गोळीबाराचा आवाज टिपणारी यंत्रे गावात बसविली होती. त्यांवरून ज्या चौकांत गोळीबार अधिक होतो ते समजले. त्याच जागी पोलिसांनी शेजाऱ्यांना एकत्र करून चालणे, सायकल, व्यायाम सुरू केला. ज्या मैदानावर आजीबाई सकाळसंध्याकाळ फेऱ्या मारतात त्या मैदानावर टोळीला आपले राज्य मांडणे अवघड जाते, हा त्यातला साधा विचार. आपल्या गावांत पार, देऊळ आणि ओटे यांनी हेच काम केलेले आहे.

न्याय्य बोलायचे तर सारे श्रेय गावालाच देता येत नाही. १९९० नंतर साऱ्या अमेरिकेतच हिंसा ओसरत गेली. क्रॅकचा जोर सरला. मध्ये २०२० साली खून एका वर्षात जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले, आणि मग पुन्हा उतरले. याची कारणे कोणती, यावर तेथील विद्वानांत आजही एकवाक्यता नाही. आम्हांस एवढेच दिसले की, या गावाची चढणही अनेक हातांनी झाली आणि उतरणही. चढवणारे हात बहुतेक बाहेरचे होते. उतरवणारे बहुतेक आतले.

आणि २०२३ साली ईस्ट पालो आल्टोत एकही खून झाला नाही. शून्य.

हा आकडा बाईंना ठाऊक होता. गावातल्या सर्वांना ठाऊक असावा. आमच्या पुतण्याला मात्र ठाऊक नव्हता. बेचाळीसची कीर्ती ओढा ओलांडून जगभर गेली. शून्याला तो कोरडा ओढा ओलांडता आला नाही.

येथे ही गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु बाईंच्या घरी कॉफी घेताना दुसरी बाजू कळली. गाव निर्धोक झाले, आणि म्हणूनच महाग झाले. कित्येक दशके ज्या गावात भाजीपाल्याचे एक धड मोठे दुकानही नव्हते, तेथे २००३ साली स्वीडिश सामानाचे प्रचंड दुकान आले, २००९ साली मोठा किराणा बाजारही आला. २०११ साली लगतच्या मेन्लो पार्कमध्ये फेसबुक कंपनीने ठाण मांडले. आता गावातील साध्या घराची किंमत दहा लाख डॉलरांच्या घरात आहे. सत्तर वर्षांमागे जे दलालांनी भीती दाखवून केले, तेच आता भाव दाखवून होते. कृष्णवर्णी कुटुंबे, ज्यांनी शाळेसाठी व शांततेसाठी जन्मभर झुंज दिली, ती पुष्कळशी घरे विकून दूर आतल्या मुलखात गेली. आज वस्तीत सुमारे दोन-तृतीयांश लोक मेक्सिको व आसपासचे, आणि टोंगा, सामोआ या बेटांवरील कुटुंबेही आहेत. एकेका घरात दोन-तीन बिऱ्हाडे, मोटारी ठेवण्याच्या खोलीतही संसार. बाईंच्या घरी थोरला मुलगा, सून, नातवंडे, बाईंच्या विधवा बहीण अशी नऊ माणसे होती. एकत्र कुटुंब आपण परंपरेने चालवतो. ते लोक भाड्यापायी चालवतात, पण माया तीच दिसली. नातवाने आम्हांस वाकून खुर्ची दिली.

"धाकटा मुलगा कोठे असतो?" आमच्या मंडळींनी विचारले.

"दोन तासांवर घर घेतले त्याने. इथे नाही जमले," बाई म्हणाल्या. "गोळ्या चालत होत्या तेव्हा तो माझ्याजवळ होता. आता गाव चांगले झाले, आणि तो लांब गेला."

यावर आम्हां दोघांनाही काही बोलता आले नाही. आमचीही मुले लांबच आहेत. परंतु ती आपल्या इच्छेने गेली.

सायंकाळी परतल्यावर पुतण्याने काळजीने विचारले, "काका, कुठे होतात इतका वेळ?" आम्ही सांगितले. तो चकित झाला, थोडा रागावलाही. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परमुलखात, लहान मुले पदरी असता, माणसाने जपून वागावे हे खरे. आम्हीही त्यास सांगितले की एका वर्षाच्या शून्यावर विसंबून अवेळी कोठेही भटकावे असे आमचे म्हणणे नाही. पुढल्या वर्षी तेथे एखादा खून होईलही, जसा तो पालो आल्टोतही होऊ शकेल. परंतु सावधपणा डोळे उघडे ठेवून करायचा असतो. डोळे मिटून केलेल्या सावधपणाला दुसरे नाव आहे, आणि ते नाव आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्याच्या कपाटात ठेवलेले आहे. गावकुसाबाहेर काय आहे हे न पाहता ते वाईट आहे असे म्हणण्याची विद्या आपल्याला अमेरिकेत जाऊन शिकावी लागत नाही. आपण ती बरोबर घेऊनच जातो.

पुतण्या काही बोलला नाही. सूनबाई मात्र म्हणाल्या, "काका, बाईंचे घर कसे आहे?"

"तुझ्या घरापेक्षा लहान, आणि माणसांनी जास्त भरलेले."

निघण्यापूर्वीच्या रविवारी पुतण्याने आपण होऊन मोटार काढली. गावाच्या अगदी टोकाला, बे रोड जेथे संपतो तेथे, कूली लँडिंग नावाची जागा आहे. पूर्वी तेथे साऱ्या जिल्ह्याचा केर टाकीत. २०१२ साली ती जागा स्वच्छ करून तिचे उद्यान केले. तिन्ही बाजूंस उपसागराचे संथ पाणी, खाजणातील गवत, लांब चोचीचे पक्षी. बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. बरोबर त्यांचा नातू होता. आमची नात बाईंना पाहताच धावत सुटली. सूनबाईंनी तिला हाक मारली नाही.